दुखेल ते करून पाहा

सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि त्यांना कुशीवर वळवण्याचं, उचलून बसवण्याचं काम सुनेच्या गळ्यात पडलं. त्यात तिची कंबर गेली. घरात मात्र उलटं बोललं जाई: काम नको म्हणून कंबर गेली. बोलणाऱ्यांत नणंद सगळ्यांच्या पुढे, नवरा तिची री ओढणारा. आज नणंदच दवाखान्यात सोबत आली होती; मदतीला नव्हे, पाळतीवर.

सून टेबलावर पालथी पडली होती. वर क्ष-किरण यंत्राची कमान, बाजूला पडदा. पडद्यावर मणक्यांची राखाडी उतरंड आणि तिच्यात हळूहळू सरकणारी काळी रेघ. ती सुई. डॉक्टरीणबाई ती किंचित पुढे सारत, थांबत, पुन्हा चित्र घेत.

"ही नुसती परीक्षा आहे," त्या म्हणाल्या. "सांध्याजवळची नस काही तास बधिर होईल. तेवढ्यात एरवी ज्याने दुखतं ते मुद्दाम करून पाहा. दुखलं नाही, तर कळ तिथूनच येते असं धरून पुढच्या खेपेला ती नस जाळू. आजचा गुण मात्र टिकणार नाही."

थोड्या वेळाने सून उठली, वाकली, सरळ झाली.

"नाही दुखत," ती म्हणाली. तिचा तिलाच विश्वास बसेना.

"टोचल्याबरोबर गेलं? मग होतं कधी?" नणंद डॉक्टरांकडे वळली. "चित्रात हिची कळ दिसली का हो?"

"कळ चित्रात दिसत नाही. हाड दिसतं, सुई दिसते. पण गेली म्हणजे होती."

"दिसत नाही ना? मी तरी दुसरं काय म्हणत होते?"

टॅक्सीत नणंदेला चेव आला. "चल वहिनी, आता आईला उचल. दुखेल ते करून पाहा, असं डॉक्टरच म्हणाल्यात."

"वन्सं, तुमची कंबर कशी आहे?"

"ठणठणीत. मला असली थेरं परवडत नाहीत."

"बरं झालं."

घरी आल्यावर सून स्टुलावर चढली. हात वर, पाठ मागे. एरवी इथेच वीज चमकायची. तिने वाट पाहिली. चमकली नाही. तिने माळ्यावरची सुटकेस खाली ओढली.

"हे काय चाललंय?"

"परीक्षा." ती कपडे भरू लागली. "बहिणीकडे जातेय. नस जाळून होईपर्यंत तिकडेच."

"आणि आईला कोण उचलणार?"

"काखेत हात घालायचे. कंबर नाही, गुडघे वाकवायचे." तिने सुटकेसला कुलूप लावलं. "आणि दुखलं तर कुणाला सांगू नका, वन्सं. चित्रात दिसत नाही."

जिना उतरताना कळ परत आली, नेमकी जुन्या जागी. सुनेने सुटकेस दुसऱ्या हातात घेतली आणि ती उतरत राहिली.