आगीत शिरलेली घोंगडी

नाक मुरडू नका, मित्रांनो. मी एक जुनी घोंगडी आहे, आणि एका अंगाने जळालेली आहे.

ताडकळसच्या धनगराने मला काळ्या लोकरीतून विणले, चिंचोक्याची खळ लावून कडक केले. आठवडी बाजारात कुसुमबाईंनी मला घेतले. त्यांचा एकुलता एक सिताराम मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून निघाला होता. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी मोर्चे निघत, ती ही वर्षे.

"आई, जहाजात लय गरमी असती. हिचं काय करू?"

"लोखंडावर निजणार हायस. पाठीखाली घरचं कायतरी असू दे."

जहाजावर सगळे मला हसत. केरळचा जोसेफ मात्र थंडी वाजली की हक्काने मला ओढून घेई. मला त्याचा भारी राग येई.

एके दुपारी इंजिनखोलीत तेलाची टाकी फुटली. धडाड! सगळे जहाज हादरले. आग पसरू नये म्हणून अधिकाऱ्याने लोखंडी दार लावायला सांगितले.

"साब, जोसेफ अंदर है!" सिताराम ओरडला.

उत्तराची वाट न पाहता त्याने मला पाण्यात बुचकळले. पावसात शेताला जाताना करतात तशी माझी खोळ केली, डोक्यावर घेतली आणि धुरात शिरला. मी घाबरले होते, खोटे कशाला बोलू? परतताना त्याने मला जोसेफवर पांघरले. जोसेफ वाचला. सितारामचे दोन्ही हात भाजले.

तो घरी आला तेव्हा गावाने हार घातले. पण त्याची बोटे वाकेनात. नोकरी गेली.

"परक्याच्या लेकरापायी हात जाळून आलास. माझा इचार केलास का रं?" कुसुमबाई म्हणाल्या. त्यानंतर त्या लेकाला घास भरवत, पण त्याच्याशी बोलत नसत. जळके कापड घरात नको, म्हणून मी शेळ्यांच्या गोठ्यात गेले. सत्कार तर गाव कधीच विसरले.

काही वर्षांनी एस.टी.तून जोसेफ उतरला. कडेवर पेंगुळलेली लहानगी पोर होती. सितारामने त्याला ओळखून नावाने हाक मारली, पण ते नाव ऐकताच कुसुमबाई दार अडवून उभ्या राहिल्या.

"कवा झाली ही पोर?" त्यांनी एवढेच विचारले.

"आग के बाद, अम्मा."

कुसुमबाई पोरीकडे बघतच राहिल्या. मग गोठ्यात आल्या, मला झटकले, घरात नेऊन अंथरले आणि पोरीला माझ्यावर निजवले. तिथूनच त्या सितारामला म्हणाल्या,

"बरं केलंस, बाबा."

मित्रांनो, जळके म्हणून काही टाकून देण्याआधी ते कशापायी जळले, एवढे तरी विचारत जा.