दोनच्या जागी दहा

मित्रांनो, शाळेतला काळा फळा तुमच्या ओळखीचा आहे. मी त्याचा पांढरा भाऊ. आता पिवळा पडलो आहे, एका कोपऱ्यात माझा पत्रा गंजला आहे आणि मला अडगळीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवले आहे.

एका कारखान्यात पातळ पत्र्यावर पांढऱ्या रंगाचे थर देऊन, भट्टीत भाजून मला घडवले. वर्षभर वह्या-पेनांच्या दुकानात उभा राहिलो. मग एका मुलीने मला घरी आणले. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. घरात दुसरे माणूस म्हणजे तिचे बाबा. त्यांनी तीस वर्षे गॅरेजमध्ये गाड्यांना फवाऱ्याने रंग मारला होता, आणि त्या रंगाने त्यांची फुप्फुसे निकामी केली होती. त्यांच्या पलंगाशेजारी प्राणवायूचे यंत्र सतत घरघरत असे. नाकाला लावलेली लांब नळी घेऊनच ते घरात फिरत.

मला भिंतीवर लावले तेव्हा त्यांनी माझ्यावरून बोट फिरवले. "काय रंग बसलाय! कुठे एक ओघळ नाही." एवढे कौतुक माझे पुन्हा कुणी केले नाही.

मुलीला एका मोठ्या सल्लागार कंपनीत नोकरी हवी होती. तिथे घरच्यांच्या उपचारांचा खर्च कंपनी करायची. पण मुलाखतीत विचित्र प्रश्न विचारत. दहा लाखांच्या शहरात वर्षाला किती छत्र्या खपतात? खरा आकडा कुणालाच ठाऊक नसतो. मोठ्या प्रश्नाचे लहान तुकडे कसे करता, प्रत्येक तुकड्याला पटेल असा आकडा कसा देता आणि शेवटी उत्तर कसे तपासता, एवढेच त्यांना पाहायचे असते. ती एकदा नापास झाली होती. दुसऱ्यांदा नापास झालेल्याला ती कंपनी पुन्हा बोलावत नसे.

मग रोज सकाळी बाबा खुर्चीत बसून साहेब व्हायचे.

"दहा लाख माणसं, घरटी चार, म्हणजे अडीच लाख घरं," मुलगी माझ्यावर लिहायची. "घरात दोन छत्र्या, म्हणजे पाच लाख. एक छत्री पाच वर्षं टिकते, म्हणून वर्षाला एक लाख."

"पाच वर्षं? अगं, छत्री मोडायच्या आधी हरवते! मी स्वतः वर्षाला एक हरवायचो."

"तुमच्यासारखा विसरभोळा प्रत्येक घरात नसतो, बाबा."

"मग दोन वर्षं धर. आणि साहेबांना उलट उत्तर देऊ नकोस."

दोघे हसायचे. हसताना बाबांना दम लागायचा, मग ती खडूसारखी पांढरी पडायची आणि पेन खाली ठेवायची. चष्मे, पंखे, दातांचे ब्रश... चाळीस प्रश्न माझ्यावर सुटले. एकदाही ती अडली नाही.

मुलाखत संगणकाच्या पडद्यावर होती, सकाळी अकराला; कॅमेऱ्यात तिच्यामागे मीही दिसत होतो. समोरच्या बाई सौम्य होत्या. त्यांनी विचारले, "दहा लाखांच्या शहरात घरी वापरायची प्राणवायूची यंत्रं वर्षाला किती विकली जातील?"

बाबा आतल्या खोलीत होते. दार लोटलेले होते, पण यंत्राची घरघर मला ऐकू येत होती.

तिने माझ्यावर लिहायला सुरुवात केली. दर हजारामागे एक, म्हणजे वर्षाला हजार नवे रुग्ण. त्यातले निम्मे यंत्र घरी नेतात, म्हणून पाचशे. एक यंत्र पाच वर्षे चालते. इथवर अक्षर सुरेख होते. आता एकच आकडा उरला होता. एका रुग्णाला यंत्र किती वर्षे लागते?

तिचे पेन माझ्यावर टेकून राहिले. शाईचा ठिपका पसरत गेला. मग तिने लिहिले, दहा.

"दहा वर्षं? कशावरून?" बाईंनी विचारले. "तुम्ही औषधांच्या दुकानात आहात ना? भाड्याने दिलेली यंत्रं साधारण किती दिवसांनी परत येतात?"

"परत येतात," ती म्हणाली. तिने आतल्या दाराकडे पाहिले.

"हवं तर आकडा बदला."

तिने नकारार्थी मान हलवली. बाईंनी घड्याळ पाहिले, आभार मानले आणि पडदा काळा झाला.

दारात बाबा उभे होते. नळी ताणली गेली होती.

"चिमणे, दोन लिहायचंस ना."

"काय दोन?"

"दोनच वर्षं उरलीत, हे डॉक्टरांनी मलाही सांगितलंय. तुझ्या आधीच." त्यांनी श्वास घेतला. "अगं, तो नुसता आकडा होता. त्यात मी नव्हतो."

"सरासरीत सगळेच असतात, बाबा."

त्यांनी चौकट धरली आणि ते हळूहळू पलंगाकडे परतले.

चार दिवसांनी नकार आला. तिने तो वाचला आणि ती नेहमीसारखी दुकानात गेली. चौदा महिन्यांनी बाबा गेले. यंत्र दुकानाचे होते, ते परत न्यावे लागले. तिने स्वतः त्याची नळी बदलली, ते पुसून ठेवले, आणि त्याच आठवड्यात ते दुसऱ्या कुणाच्या बाबांसाठी तिनेच बांधून दिले.

माझ्यावरची शाई कधीच वाळून गेली होती. तिने ती घासून काढली, तेव्हा माझा रंगही निघाला. मग मला इथे आणून ठेवले.

मित्रांनो, फळा वेळच्या वेळी पुसावा, तो जपावा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. माझे मागणे वेगळे आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल, टेबलापलीकडे बसून कुणाला तरी प्रश्न विचाराल. समोरचे माणूस लिहिता लिहिता थांबले, तर घड्याळाकडे पाहू नका. "काय झालं?" एवढे विचारा. तसे विचारल्याने बाबा वाचले नसते, हे मलाही कळते. पण त्या सकाळी ती मुलगी माझ्यासमोर इतकी एकटी उभी राहिली नसती.