हर्षाच्या मापाचा मुखवटा

मी मुखवटा बोलतोय. सांगतो ते अक्षर न् अक्षर खरं. खोटं निघालं तर माझं तोंड वितळून जावो! आता हे तोंड मुळात माझं नव्हेच, हिवरखेडच्या हर्षाचं आहे. तेव्हा शपथेवर फार विसंबू नका.

जन्मलो तेव्हा मी बिनतोंडाचा होतो. पांढऱ्या प्लास्टिकची नुसती जाळीदार पाटी. अमरावतीच्या एका दवाखान्यात मशीनवर काम करणाऱ्या धम्मदीपनं मला गरम पाण्यात बुडवलं. लाटलेल्या पापडासारखा लुळा पडलो, तसं त्यानं मला सात वर्षांच्या एका पोरीच्या चेहऱ्यावर ताणून बसवलं. गार होत गेलो तसतसं तिचं नाक, हनुवटी, मिटलेल्या पापण्या माझ्यात उतरल्या. ती उठून बसली. तिचं तोंड मात्र माझ्यातच राहिलं.

"दादा, हे भूत हाय का?"

"भूत नाई, तुई जुयी बहीन हाय, तुयाच तोंडाची. लय गरीब, भांडत नाई."

हर्षाच्या मेंदूत गाठ होती. ऑपरेशननं निघाली तेवढी निघाली. उरलेली किरणांनी जाळायची होती. त्या वेळी डोकं केसभरही हलता कामा नये, म्हणून मी. माझ्या कपाळावर पट्टी चिकटवून धम्मदीपनं पेनानं फुली काढली, दोन्ही बाजूंना आणखी दोन. भिंतीतून येणाऱ्या लाल रेघा तिन्ही फुल्यांवर जुळल्या की नेम बसला.

काम झालं की मी फळीवर. तिथं ओळीनं लेकरांची तोंडं, सगळ्यांचे डोळे मिटलेले. माझ्या शेजारी वलगावच्या चंदनचा मुखवटा होता. चंदन यायचा थांबला होता. मुखवटा ओठांच्या एका कोपऱ्यातून हसत होता. दार लागलं की मला म्हणायचा, "माझं पोर आता वाढत नाही. माझं माप कधी चुकायचं नाही. तुझंही नाही चुकणार."

एका सकाळी हर्षासोबत तिची आजी आत आली. माणिकबाई. झेंडू तोडून तोडून बोटं पिवळी झालेली. धम्मदीप टेबल पुसत होता, तेवढ्यात तिनं मला हातात घेतलं आणि कपाळ पाहून चरकली. पट्टी नखानं ओरबाडून काढली अन् दोन बोटं बाजूला काजळाची ठसठशीत तीट लावली.

धम्मदीपनं मला पोरीच्या तोंडावर घट्ट अडकवलं. पट्टी निघाली, शाई तेवढी राहिली, असं समजून त्यानं लाल रेघ त्या तिटेवर आणली. बाजूच्या रेघा जुळेनात. टेबल सरकवलं, पुन्हा सरकवलं. फळीवरून हसल्यासारखा आवाज आला. मला ओरडायचं होतं, पण ओठ मिटलेलेच मिळाले होते.

माझ्याखाली तोंड उघडेना, तेव्हा हर्षानं हात वर केला.

धम्मदीपनं घाईनं मला सोडवलं. ती म्हणाली, "दादा, फुली आजीनं ओरबाडली. थे काजय हाय."

"आजी, काहून काढली?"

"पोरीच्या कपायावर फुली? आमच्या इकडे मेलेल्याच्या नावावर मारतेत, बापा!"

"अवो, थो नेम हाय! गाठ एकीकडे, अन् आमी भलतीकडेच जाऊन राह्यलो होतो."

माणिकबाईनं पदरानं माझ्यावरचं काजळ पुसून काढलं. मग हळूच म्हणाली, "मंग तीट कुठी लावू? नजर लागंन लेकराले."

"तळपायाले लावा. तिथं मशीनचं काई काम नाई."

पुन्हा फोटो घेतले, माप जुळवलं, नवी फुली आली. सगळे बाहेर गेले, जाड दार बंद झालं. आत मशीनची घरघर, ती आणि मी. तिचा श्वास माझ्या जाळीतून आत-बाहेर होत होता. कोणाचा कोणता, सांगता येईना.

उपचार संपल्यावर धम्मदीपनं मला हर्षाच्या हाती दिलं. आता हिवरखेडला, फुलांच्या टोपल्यांच्या खोलीत खिळ्याला लटकतो. कुत्रं माझ्याकडे बघून भुंकतं. माणसं पाठ करून बसतात. मधूनमधून हर्षाला अकोल्याला नेऊन मेंदूचा फोटो काढतात. गाठ वाढली नाही, एवढंच डॉक्टर सांगतात.

परवा हर्षानं मला उतरवून तोंडाला लावलं. दाबलं, पुन्हा दाबलं. गाल अडले, हनुवटी बाहेर राहिली.

"आजे, हा बसतच नाई मले!"

माणिकबाईनं पदरात तोंड खुपसलं. हसली की रडली, कळलं नाही. मी मात्र कडेनं तडकलो, खुशीनं.

आता कबूल करतो. चंदनच्या मुखवट्याचं बोलणं-हसणं मी रचलं. तो कधी बोलला नाही, हसलाही नाही. दार लागल्यावर फळीवर जो आवाज यायचा, तो माझाच. शेजारचं इतकं गप्प असणं मला सोसवत नव्हतं. कधी त्या दवाखान्यात गेलात, तर त्या तोंडांपासून नजर चुकवू नका. चंदनशी दोन शब्द बोला. उत्तर तुम्हालाच रचावं लागेल.