विहिरीच्या काठचे ऋण

माझी पणजी रेशमाची होती. पांढरीशुभ्र, गोल आणि घेरदार. ती आकाशात उघडली की शेतातली माणसे हातातली कामे टाकून वर पाहत राहत, असे आमच्या घराण्यात सांगतात. माझी आजी हिरवट नायलॉनची. तिने आयुष्यभर सैन्यात नोकरी केली. कधी कौतुक मागितले नाही आणि कधी दगाही दिला नाही. माझी आई घराण्यातली पहिली चौकोनी. पोटात वारा भरून घेऊन हव्या त्या दिशेला वळण्याची विद्या तिने आणली. या तिघींनंतर माझा जन्म झाला. मी एक जुनी राखीव हवाई छत्री आहे. मित्रांनो, नीट बसा आणि मध्ये बोलू नका. जे सांगायचे ते मी एकदाच सांगत असते.

विमानातून उडी घेणाऱ्याच्या पाठीवर एक भक्कम पिशवी असते. तिच्या खालच्या कप्प्यात मुख्य छत्री राहते आणि वरच्या कप्प्यात मी. मुख्य छत्री प्रत्येक उडीला उघडते, ऊन खाते, फोटोत मिरवते. मी मात्र घडी होऊन अंधारात असते. लग्नघरात कोठीच्या खोलीची किल्ली कमरेला लावून बसलेली थोरली बाई तुम्ही पाहिली असेल. तिला कोणी हाक मारली नाही तर कार्य सुरळीत चालले आहे असे समजावे. हाक आली, तर मात्र तिने क्षणाचाही उशीर करून चालत नाही. माझे तसेच आहे.

पाचोऱ्याचा योगराज माझी देखभाल करतो. ठरलेल्या मुदतीने तो मला उघडतो, उजेडात धरतो, प्रत्येक शिवणीवरून बोट फिरवतो आणि पुन्हा घडी घालतो. शेवटी माझ्यातली हवा काढण्यासाठी तो गुडघा टेकतो आणि म्हणतो, "अक्का, श्वास सोडा आता." मला अक्का म्हणण्याचा अधिकार मी फक्त त्यालाच दिला आहे.

माझ्या आयुष्यातली पहिली हाक धुळ्यात आली. धावपट्टीवर उड्यांचे प्रात्यक्षिक होते आणि मी सुलक्षणाच्या पाठीवर होते. ती तेव्हा अगदी तरुण होती. तिच्या मुख्य छत्रीच्या दोऱ्या गुंतल्या. तिने ती सोडून दिली, मला बोलावले आणि मी उघडले. इथपर्यंत माझे काम चोख होते. पण आम्ही कुंपणापलीकडच्या कपाशीच्या शेतात उतरलो, सुलक्षणा पडली, आणि त्याच वेळी सोसाट्याचा वारा आला. त्याने माझे पोट पुन्हा फुगवले. कपाशीच्या झाडांतून मी तिला फरफटत नेऊ लागले. समोर विहीर होती. तिला कठडा नव्हता. जिला मी आकाशातून वाचवून आणले, तिलाच माझ्या दोऱ्या पाण्याकडे ओढत होत्या, आणि थांबणे माझ्या हाती नव्हते.

शेतात प्रमिलाबाई कापूस वेचत होत्या. त्यांची लहानगी लेक बांधावरच्या निंबाला बांधलेल्या झोळीत निजली होती. बाईंनी कमरेची ओटी सोडली, धावत आल्या, माझी कड दोन्ही हातांनी धरली आणि सरळ माझ्यावर बसल्या. मांडी घालून, सगळ्या भारानिशी. वारा माझ्यातून निघून गेला. सुलक्षणाचे पाय विहिरीच्या काठावर होते.

"आते जाय कोठे जास ती," प्रमिलाबाई धापा टाकत म्हणाल्या. "मी बठेल शे."

मित्रांनो, आमच्या घराण्यात कोणी कोणाचे उपकार ठेवून घेत नाही. त्या दिवशी माझी अब्रू एका शेतकरी बाईने राखली. ते ऋण मी उराशी बाळगून घडी झाले.

झोळीतल्या त्या लेकीचे नाव हेमांगी. ती कुंपणाच्या तारेला नाक लावून मोठी झाली. धुळ्याच्या कॉलेजात शिकली, नोकरीला लागली, आणि एका हिवाळ्यात कुंपणाच्या आत येऊन सुलक्षणासमोर उभी राहिली. सुलक्षणा आता तिथली प्रशिक्षक होती. ती कोणाची लेक हे कळताच सुलक्षणाने मला आणून हेमांगीच्या पाठीवर चढवले.

छत्री उघडण्याआधी हवेत पोटावर पडायला हेमांगी लवकर शिकली. अडचण आली ती बसायला. पडता पडता हवेत खुर्चीवर बसल्यासारखे बसायचे असते. पाठ ताठ, मांड्या आडव्या, पावले खांद्यांइतकी दूर आणि दोन्ही हात बाजूंना पसरलेले. खाली जमीन नसते, वर धरायला काही नसते. बसायचे ते वाऱ्यावर. बसलेला माणूस पालथ्या माणसापेक्षा फार वेगाने पडतो. मध्येच तोल जाऊन तो आडवा झाला तर त्याचा वेग एकदम कमी होतो आणि वरून येणारा सोबती त्याच्यावर आदळतो. म्हणून ज्याचे बसणे स्थिर नाही, त्याला सुलक्षणा एकत्र उडी घेणाऱ्यांच्या गटात घेत नसे.

हेमांगीचे पाय तिला दगा देत. भीती वाटली की ती दोन्ही पावले जवळ ओढून घेई, पाटावर जेवायला बसल्यासारखी. मग तिची पाठ माझ्याखाली थरथरे, कंबर एका बाजूला जाई आणि आकाश गरगरू लागे. पिशवीतून मला काही दिसत नसे. तिच्या पाठीवरून मला सारे कळे.

सुलक्षणा तिला धावपट्टीच्या कडेला एका उंच स्टुलावर बसवून सराव करून घेई आणि मध्येच खांद्याला धक्का देई.

"पावलांकडे बघू नकोस. लळिंगच्या डोंगराकडे बघ. पाय पळून जात नाहीत तुझे."

प्रमिलाबाई कुंपणापाशी उभ्या राहून हे पाहत. एकदा त्यांना राहवले नाही.

"हेमे, बठाले इतलं वर जास? आठे बाज शे, ओटा शे. बठ ना घरमा."

"माय, तठे बठाले काहीच नही ना," हेमांगी म्हणाली. "म्हनीसन तर शिकनं पडस."

"मंग खुर्ची लई जाय," असे म्हणून बाई निघून गेल्या. सुलक्षणा हसली, पण लगेच गंभीर झाली. येत्या शनिवारच्या उडीत बसणे स्थिर झाले नाही, तर या हंगामात गटात नाही, असे तिने हेमांगीला बजावले. मग रोजच्याप्रमाणे संकटाची उजळणी घेतली. "लाल मूठ बघ, लाल ओढ. मग चंदेरी मूठ बघ, चंदेरी ओढ." लाल मूठ बिघडलेल्या छत्रीला निरोप देते. चंदेरी मूठ मला बोलावते.

त्याच आठवड्यात योगराजने माझी घडी घातली. माझ्या कापडावर त्याचा हात नेहमीपेक्षा अधिक रेंगाळला. "अक्का, वय झालं तुमचं," तो म्हणाला. "एवढा हिवाळा, मग सुट्टी." मी श्वास सोडला. ऋण न फेडताच मला निवृत्त व्हावे लागेल, हे एकच शल्य मनात होते.

शनिवारी सुलक्षणाने प्रमिलाबाईंना कुंपणाच्या आत बोलावले. लेकीच्या पाठीवरची पिशवी त्यांना दाखवत ती म्हणाली, "प्रमिलाताई, तुम्ही जिच्यावर बसला होतात ना, ती छत्री हिच्यात आहे."

बाई जवळ आल्या. "हाई तीच शे का? विहीरवाली?" त्यांनी माझ्यावरून हात फिरवला. कापूस वेचून खरखरीत झालेला तो हात मी ओळखला.

सुलक्षणाने पट्टे, खटके, पिना, मुठी सारे तपासले आणि ती विमानाकडे वळली. प्रमिलाबाईंनी लेकीला मागून मिठी मारली. तेवढ्यात त्यांनी ओटीतून लाल नाड्याचा तुकडा काढला. श्रावणात कानबाई देवीच्या चौरंगाला बांधलेला तो नाडा त्यांनी जपून ठेवला होता. पिशवीच्या तळाशी मुख्य छत्री उघडण्याची मूठ असते. बाईंना ती शोभेचा गोंडा वाटली असावी. त्यांनी तिच्या मानेला नाडा गुंडाळला, पक्की गाठ मारली आणि कोणी हसू नये म्हणून टोक आत खोचले.

"माय, मन्ही पोरले सांभाळजो," त्या कुजबुजल्या. हे त्या देवीला म्हणाल्या की मला, ते मला आजही ठाऊक नाही.

त्या गाठीने मूठ आपल्या खोबणीतून बोटभर वर आली होती. ते मला जाणवत होते. पोटावर पडताना कदाचित निभावले असते. बसून पडताना मात्र वारा खालून येतो आणि तळाशी जे सैल असेल ते उपटून काढतो. मी ओरडू शकत नव्हते. विमान वर चढत होते. उडीच्या दारापाशी सुलक्षणाने पुन्हा पिना पाहिल्या आणि विचारले, "खालची मूठ?" हेमांगीने हातमोज्यातूनच मूठ चाचपली. "आहे." मूठ होतीच. गाठ तिच्या बोटांना कळली नाही.

त्या दोघी बाहेर पडल्या.

आधी पाठ थरथरली. पावले जवळ येऊ लागली. मग एकाएकी ती थांबली. हेमांगीने पाय उघडले, तळवे वाऱ्यावर टेकले, कणा सरळ केला, आणि ती बसली. मित्रांनो, इतकी शांत पाठ मी कधी अनुभवली नव्हती. लळिंगचा डोंगर तिच्या डोळ्यांसमोर ठरला असावा. समोर सुलक्षणाही तशीच बसून पडत होती. आणि खाली, त्याच शांत वाऱ्यात, नाड्याचे टोक बाहेर आले. ते फडफडले. गाठ ताणली गेली. मूठ आणखी एक बोट सरकली. पोरीला काहीच ठाऊक नव्हते. तिच्या आनंदी पाठीला मी लागून होते आणि मूठ सरकताना मोजत होते.

मग ती निसटली.

मुख्य छत्री त्या भयंकर वेगात फाडकन उघडली. हिसक्याने हेमांगीची मान खाली गेली, उजवा खांदा बधिर झाला. वर कापड चिरत गेले, दोऱ्या तुटल्या, आणि फाटकी छत्री आम्हाला गोफणीतल्या दगडासारखी फिरवू लागली. मी वाट पाहत होते. हाक आल्याशिवाय मला येता येत नाही. पोरी, लाल बघ. तिचा उजवा हात उठत नव्हता. तिने डावा हात छातीवरून आडवा नेला, लाल मूठ धरली आणि ओढली. पिशवीवरचा भार गेला. आम्ही पुन्हा कोसळू लागलो. जमीन खूप मोठी झाली होती.

"चंदेरी," ती स्वतःशीच म्हणाली.

कप्पा उघडला. इतक्या वर्षांची प्रतीक्षा एका क्षणात संपली. घडीमागून घडी सुटत गेली. योगराजने जशी घातली होती तशीच, एकही न अडता. मी पोटभर वारा घेतला आणि पोरीला हळूच वर उचलून धरले.

वारा आम्हाला कुंपणापलीकडे नेत होता. खाली तेच शेत आणि तीच विहीर. हेमांगीने डाव्या हाताने दोरी ओढली. मी तत्काळ वळले आणि विहिरीपासून दूर, सऱ्यांमध्ये तिला उतरवले. मागून वाऱ्याचा झोत आला. या वेळी तिने एक दोरी खेचताच मी पोटातला सगळा वारा सोडून दिला आणि तिच्या पायाशी निमूट पडले.

तरीही प्रमिलाबाई धावत आल्या आणि माझ्यावर बसल्या. लेकीला त्यांनी कुशीत ओढले.

सुलक्षणा फाटलेली मुख्य छत्री काखेत घेऊन आली. मुठीवरचा लाल नाडा तिने दाखवला. "हा कुणी बांधला?"

"मी," प्रमिलाबाई म्हणाल्या.

सुलक्षणाने दातांनी गाठ सोडवली आणि नाडा हेमांगीच्या मनगटावर बांधला. "दोरा चुकला नाही, ताई. जागा चुकली. आणि मी हाताने तपासायचं सोडून हिला विचारलं, ते माझं चुकलं."

"ताई, बसणं?" हेमांगीने सुलक्षणाला हळूच विचारले.

"मी समोरच होते. छत्री उघडेपर्यंत हलली नाहीस. खांदा बरा होऊ दे, मग गटात ये."

"माय, आते तरी ऊठ," हेमांगी म्हणाली. "ती कोठेच जात नही."

"ऱ्हाऊ दे," बाई म्हणाल्या. "मी बठेल शे."

मित्रांनो, आता माझी निवृत्ती झाली आहे. योगराजच्या खोलीत फळीवर माझी जागा आहे आणि तो माझ्यावर धूळ बसू देत नाही. तुम्हाला माझे एकच सांगणे आहे. ज्या वस्तूच्या भरवशावर कोणाचा जीव आहे, तिच्यावर माया जरूर करा; पण विचारल्याशिवाय तिला काही बांधू नका, आणि तपासताना केवळ शब्दावर विसंबू नका, स्वतःच्या बोटांनी पाहा. देवाचा दोरा मनगटावर बांधावा. आमच्या मुठी मोकळ्या असू द्याव्यात.

प्रमिलाबाई, त्या विहिरीच्या काठावर तुम्ही परक्याची लेक माझ्या ओढीतून सोडवलीत. त्याच शेतात तुमची लेक मी तुमच्या हाती सुखरूप दिली. तुमचे ऋण फिटले.