दहावी अ आणि दहावी ब यांच्यामधला मी

मी एक पार्टिशन बोलतोय. भिंत म्हणवून घ्यावं एवढी माझी ऐपत नाही. ना पाया, ना विटा. जमिनीपासून छतापर्यंत नुसती पातळ फळी. पण पस्तीस वर्षं मी एका वर्गाचे दोन वर्ग करून उभा आहे, आणि सध्या माझा जीव टांगणीला लागला आहे.

भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात एक मोठं यंत्र आलं, त्याच्या पेटीचं मी लाकूड. यंत्र बाहेर निघालं की पेटीचं लाकूड वाया जात नसे. चिठ्ठी घेऊन कर्मचारी ते घरी न्यायचे. कारखान्याच्या वसाहतीतल्या निम्म्या घरांतले दिवाण आणि पाट आमच्याच कुळातले. माझे काही भाऊ देव्हारे झाले, काही कोंबड्यांची खुराडी. माझ्या नशिबी वसाहतीची शाळा आली तेव्हा मी हरखून गेलो होतो. म्हटलं, चला, आता चार अक्षरं कानावर पडतील!

नीळकंठ मिस्त्रींनी मला दहावीच्या मोठ्या खोलीत उभं केलं. तेव्हा कळलं, माझं काम काय ते.

माझ्या उजवीकडे दहावी अ. तिथे कारखान्यात कायम नोकरी असलेल्यांची मुलं. डावीकडे दहावी ब. तिथे कुंपणापलीकडच्या बस्तीतली, ठेकेदाराकडे राबणाऱ्या मजुरांची. नियमात जातीचा शब्द नव्हता बरं का, फक्त वडिलांचा टोकन नंबर मागायचे, आणि तो कायम नोकरांनाच असे. पण हजेरी सुरू झाली की माझ्या एका कानात कुलकर्णी, शर्मा, सक्सेना पडायचे आणि दुसऱ्या कानात मेश्राम, अहिरवार, मन्सुरी. अपवाद होते, पण एका बाकावर मावतील एवढेच. पंखे उजवीकडे होते. गणिताच्या अनुराधाबाईही उजवीकडे होत्या. डावीकडचे गणिताचे सर एका वर्षी दिवाळीत सोडून गेले आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही.

त्या वर्षी ब मध्ये रजनी मेश्राम होती. तिचा बाप शंकर तुमसरहून आलेला, ठेक्यावर भट्टीपाशी काम करायचा. गणिताच्या तासाला ब मध्ये नुसता गोंधळ चालायचा. रजनी मात्र आपलं बाक ओढून माझ्याजवळ यायची आणि मला कान लावून बसायची. तिच्या तेलकट केसांचा डाग अजून माझ्या अंगावर आहे. बापाने तिला बजावलं होतं, "दहावी निघाली तर पुढं शिक. नाही तर तुमसरला मामीकडं, विड्या वळायला." म्हणून ती गणितावर जीव टाकून होती.

एकदा बाईंनी उदाहरण घातलं. बापाचं वय मुलाच्या तिप्पट, बारा वर्षांनी दुप्पट होईल, तर आज वयं किती? अ मध्ये सगळे फळ्याकडे बघत बसले. तेवढ्यात माझ्यातून आवाज आला, "मैडम, बाप छत्तीस, बेटा बारह!"

अ मध्ये हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. तास संपल्यावर त्यांनी व्हरांड्यात रजनीला गाठलं.

"कोण गं तू? कुठली?"

"तुमसरची, मैडम. गणित इकडूनच ऐकते."

"अगं, मग तू मराठीच की! गणपतीत मंडळात कधी दिसली नाहीस ती?"

रजनीने खाली बघितलं. "आमाले कोन बोलावते?"

 दुसऱ्या दिवसापासून बाई फळ्याच्या मधोमध उभ्या राहीनात. माझ्याजवळच्या कोपऱ्यात सरकल्या आणि मोठ्याने शिकवू लागल्या. प्रत्येक पायरी दोनदा सांगायच्या. डावीकडे माझ्यापाशी आता पाच-सहा बाकं लागली. मी तर श्वास रोखून उभा राहायचो. माझ्या फळीने जराही करकर केली तर एखादी संख्या हुकायची, ही भीती.

पण सुखाचं कुणाला बघवतं? जानेवारीत शाळा समितीचे सचिव अच्युतराव वर्गात आले. मोठे साहेब, बोलायला मऊ.

"अनुराधाबाई, पालक म्हणतात, तुम्ही शिकवता की सभा घेता?"

"पलीकडे दिवाळीपासून गणिताला शिक्षक नाही हो."

"वर कळवलंय ना आपण! पण तोवर आपल्या मुलांचं नुकसान नको. तुमचा घसाही जपायला हवा. मी सोय करतो."

सोय म्हणजे माझीच. आठ दिवसांत नीळकंठ मिस्त्री पुन्हा आले. माझ्या पाठीला दुसरी फळी ठोकून मधल्या पोकळीत त्यांनी लाकडाचा भुसा ठासून भरला. बाई दारात उभ्या होत्या. मिस्त्री खिळा तोंडातून काढून हळूच म्हणाले, "माझी लेक सुचेता याच बाजूला, अ मध्ये बसते ना बाई. म्हणून गप आहे मी."

त्यानंतर बाई ओरडून ओरडून थकल्या. रजनी कान बदलून बदलून बघायची, बोटाने मला टकटक करायची. त्रिकोणमिती सुरू झाली होती आणि परीक्षा महिन्यावर आली होती. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, पण माझ्या तोंडात भुसा.

निकाल लागला. ब मधल्या एकतीस मुलांपैकी बावीस गणितात गेली. रजनीला एकतीस मार्क पडले. पास व्हायला तेहेतीस लागत.

मे महिन्यात शाळा बंद असताना बाईंनी तिला बोलावून घेतलं. "काय सोडलंस?"

"त्रिकोणमिती पूरी सोडली. आवाज येत होता मैडम, शब्द नव्हते येत."

बाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि अ चं दार उघडलं. "ये आत."

रजनी उंबऱ्यावर थबकली आणि तिने चपला काढल्या. तिची आई बंगल्यांवर भांडी घासायची, तिथे तशीच रीत होती. बाईंनी त्या चपला स्वतः उचलून आणल्या, तिच्या पायांपाशी ठेवल्या आणि म्हणाल्या, "घाल. ही शाळा आहे." मग खडू घेऊन त्यांनी काटकोन त्रिकोण काढला. मला दोन्हीकडून ठोकलं होतं ना, त्याहून जास्त मला तेव्हा दुखलं.

जुलैच्या फेरपरीक्षेत रजनीने अठ्ठावन्न मिळवले. बाकी एकवीस जणांचं काय झालं, मला माहीत नाही. बाईंकडे एक सुट्टी होती आणि एकच जीव. त्या आता निवृत्त होऊन भोपाळमध्येच, बाग सेवनिया भागात राहतात म्हणे.

आणि आज? वसाहतीतली मुलं बसने खाजगी शाळांत जातात. अ मध्ये नऊ मुलं उरलीत. ब मध्ये त्रेपन्न, एका बाकावर चौघं. ब ची गणिताच्या शिक्षकाची जागा यंदाही रिकामी आहे. परवा समितीची माणसं टेप घेऊन आली. माझ्या अंगावर खुणा केल्या. मला आठ फूट उजवीकडे सरकवायचं ठरलंय, म्हणजे ब ला ऐसपैस जागा होईल. सगळ्यांना हा मोठा न्याय वाटतोय. एकाने तर टाळी दिली.

सोमवारी नवा मिस्त्री येईल. हे ऐकल्यापासून माझी झोप उडाली आहे. मी लाकूड आहे हो, कशाच्याही उपयोगी पडेन. माझी बाकं करा, चुलीत घाला, माझी ना नाही. फक्त सोमवारच्या आत कुणीतरी त्या मिस्त्रीला गाठून सांगा, याला सरकवू नकोस, उपटून काढ.