चंपाबाईंचा जपान

मित्रांनो, जपानमधल्या मुक्कामाच्या तीन खोल्या मी पाहिल्या. जपान पाहिला नाही. मी एक निळी, चाकांची प्रवासी बॅग आहे. आता वाशिमजवळच्या अनसिंग गावात एका घरात कपाटावर पडून असते. माझा एक कोपरा जळलेला आहे. तो कसा जळला, ते सांगते.

वाशिमच्या बाजारात अश्वजितने मला विकत घेतले. अश्वजित पुण्यात नोकरीला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो, बायको पल्लवी आणि दीड वर्षांची मुलगी जपानला निघाले होते. सोबत आईला, म्हणजे चंपाबाईंना, न्यायचे ठरले. अनसिंगमध्ये त्याचे फार कौतुक झाले. मी दुकानातून आले त्या दिवशीच शेजारच्या विमलबाई म्हणाल्या, "चंपाबाई, नशीब काढलं वं तू! आमचे पोरं आमाले वाशिमपलीकडं नेत नाहीत."

जपानमध्ये नारा नावाचे गाव आहे. तिथे बुद्धाची प्रचंड मोठी मूर्ती आहे. सहलीतली बुद्धपौर्णिमा नाऱ्यातच येत होती. विहारात जाणाऱ्या बायकांना हे कळले तेव्हा प्रत्येकीने एकेक मेणबत्ती आणून दिली.

"आमच्या नावानं लावजो तिथं," विमलबाई म्हणाल्या. "इसरू नोको."

"काहून इसरीन? त्याच्यासाठीच तर जाऊन राह्यली," चंपाबाई म्हणाल्या. त्यांनी मेणबत्त्या पांढऱ्या लुगड्यात गुंडाळून माझ्या तळाशी ठेवल्या. तेव्हा मला माझा अभिमान वाटला.

टोकियोतली खोली इतकी अरुंद होती की मला जमिनीवर पूर्ण उघडता येत नव्हते. पलंगावर ठेवून उघडावे लागे. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची. पहिल्या सकाळी अश्वजित म्हणाला, "आई, आज चालणं लय आहे. तुझे गुडघे दुखतीन. तू लेकराजवळ थांब."

चंपाबाई थांबल्या. टोकियोतले जुने मंदिर आणि उंच मनोरा त्यांनी संध्याकाळी मोबाइलमध्ये पाहिला. क्योटोला भाड्याचे छोटे घर होते. तिथेही तेच झाले. सोन्याचा मुलामा दिलेले देऊळ मोबाइलमध्ये, लाल कमानींची लांबच लांब रांग मोबाइलमध्ये. बाहेर पडताना पल्लवी सासूला दारात उभे करून फोटो काढायची आणि तो गावाकडच्या बायकांना पाठवायची. 'आईंसोबत क्योटो.' मग दार लागायचे. आत चंपाबाई, नात आणि मी. लेकराला भरवणे, निजवणे आणि त्याचे कपडे न्हाणीघरात धुऊन वाळत घालणे ही कामे त्या करायच्या. आपल्याला कशासाठी आणले हे त्यांना क्योटोतच कळले असावे. पण नारा अजून यायचे होते.

नाऱ्याला जुन्या पद्धतीच्या लाकडी घरात मुक्काम होता. खाली गवताच्या चटया, बसायला उशी आणि बुटके टेबल. मालकिणीने मला दारातच थांबवले, गुडघ्यांवर बसली आणि माझी चारही चाके ओल्या फडक्याने पुसली. इतक्या मानाने मला कोणी आत नेले नव्हते. चंपाबाई बघत राहिल्या. म्हणाल्या, "बापा, बॅगची एवढी इज्जत!"

पौर्णिमेच्या दिवशी त्यांनी आंघोळ करून पांढरे लुगडे नेसले आणि मेणबत्त्या पदरात घेऊन दाराजवळ बसल्या.

"आई, आधी आम्ही जाऊन गर्दी पाहून येतो," अश्वजित म्हणाला. "मग तुला नेतो."

"येईन ना मी हळूहळू. मांगं मांगं येईन."

"आणि लेकराला उन्हात कोण धरील? दुपारी नेतो म्हटलं ना."

दुपार झाली. मग पल्लवीचा फोन आला. ते दोघे बुद्ध पाहून पुढे हरणांच्या बागेत गेले होते, तिथून बाजारात जाणार होते. पल्लवी म्हणाली, "आई, हरणं हातातून बिस्किटं खातात, इतकी गोड आहेत!" चंपाबाईंनी फोन ठेवला.

टेबलावर पर्यटकांसाठी छापलेला कागद होता. त्यावर त्या मूर्तीचे चित्र होते. चंपाबाईंनी तो उचलला आणि टेबलालगत असलेल्या मला टेकवून टेबलावर उभा केला. सगळ्या मेणबत्त्या त्याच्यापुढे रांगेने लावल्या. घरून आणलेल्या मूठभर उदबत्त्याही पेटवल्या. नात टाळ्या पिटू लागली. चंपाबाई हात जोडून एकेका बाईचे नाव घेऊ लागल्या. विमलबाईंचे नाव घेतले आणि छताला लावलेला, धूर झाला की वाजणारा भोंगा किंचाळू लागला.

कागदाने पेट घेतला. माझा कोपरा वितळला. मालकीण धावत आली. तिने आधी लेकराला बाहेर नेले, मग चंपाबाईंना हाताला धरून नेले आणि मग पाणी ओतले. मेण टेबलावरून ओघळून चटयांत मुरले होते. ती खाली बसून ते खरवडू लागली. चंपाबाई मदतीला वाकल्या, तेवढ्यात अश्वजित आला.

तो मालकिणीपुढे कमरेतून वाकला. पुन्हा पुन्हा वाकला. आईकडे बोट दाखवून म्हणाला, "ओल्ड. व्हिलेज." मग आईकडे वळला.

"अक्कल आहे का तुले? लेकरू जळालं असतं!"

"पौर्णिमा होती रे. बायांनी माह्या भरोशावर देल्या होत्या."

"बाया, बाया! घरीच ठेवायला पाहिजे होतं तुले."

दुसऱ्या सकाळी आम्हाला ते घर सोडावे लागले. स्टेशनच्या वाटेवर चंपाबाई म्हणाल्या, "दुरून तरी दाखव रे."

"विमान चुकन," अश्वजित म्हणाला. स्टेशनात मूर्तीचे भिंतभर मोठे चित्र लावलेले होते. त्याने आईला त्याच्यासमोर उभे केले. मी त्यांच्या पायाशी होते. "घे, झाला फोटो. खूश?" गाडीत बसल्यावर त्याने मोबाइलवर तो फोटो कापला. चित्राची चौकट गेली आणि मी गेले. उरल्या चंपाबाई आणि बुद्ध.

अनसिंगला पोचलो त्या दिवशी ओसरी बायकांनी भरली. मी मध्ये उघडी होते. पल्लवी छोट्या भेटवस्तू वाटत होती.

"लावल्या का वं आमच्या मेणबत्त्या?" विमलबाईंनी विचारले.

"लावल्या मावशी," अश्वजितच बोलला. "बुद्धासमोरच. हे पाहा." मोबाइल हातोहात फिरला.

"बापा! केवढा हाय!"

"चंपाबाई, तू तर त्याच्या अंगठ्याएवढीबी नाहीस वं!" बायका हसल्या.

"मी नाही गेली तिथं," चंपाबाई म्हणाल्या. "ते टेसनावरचं चित्र हाय. मी खोलीतच होती."

बायकांनी पुन्हा मोबाइलमध्ये पाहिले. अश्वजित हलकेच हसला. आवाज खाली आणून म्हणाला, "विसरते आता आई. डॉक्टरला दाखवावं लागन."

विमलबाईंनी चंपाबाईंच्या पाठीवरून हात फिरवला. "असू दे बाई. वयच झालं तुहं. ध्यानात नसलं तरी पायलं तं हाय ना."

मी तिथेच होते. माझा जळका कोपरा सगळ्यांना दिसत होता. विमानात सामान असेच खराब होते, असे पल्लवीने सांगितले.

त्यानंतर पुण्याहून गोळ्या आल्या. स्मरणशक्तीच्या. गल्लीतली पोरे दारातून ओरडायची, "आजी, कुठं गेलती वं? जपान का इथलंच मंगरूळपीर?" पहिल्यांदा चंपाबाई भांडल्या. मग समजावून सांगू लागल्या. मग सांगणे थांबले. त्या जितके खरे बोलत, तितकी लोकांना त्यांची जास्त कीव येई.

मागच्या आठवड्यात त्यांनी मला कपाटावरून खाली काढले, उघडले आणि बराच वेळ माझ्या रिकाम्या तळावरून हात फिरवला. मग मलाच म्हणाल्या, "गेलीबी असन मी. सारेच म्हनतात तं गेलीच असन."

मित्रांनो, बॅगेची निगा कशी राखावी हे मी सांगणार नाही. चाके पुसली, चेनला मेण लावले की आम्ही टिकतो. तुमच्या घरात कोणी म्हातारे माणूस 'मी ते पाहिलंच नाही' असे म्हणाले, तर हसू नका आणि फोटो दाखवू नका. फक्त विचारा, 'मग तू कुठे होतीस?' चंपाबाईंना हे अजून कोणीही विचारलेले नाही.