पाच शिट्ट्यांनंतरचा मंगळ

मंगळावर सहा चाकांची एक गाडी फिरत होती. वेग सेकंदाला एक सेंटिमीटर. एका दगडापाशी जाऊन ती थांबली आणि तो दगड कशाचा बनलाय ते तपासू लागली.

०

तारनाक्याच्या एका महिला कॉलेजच्या रसायनशाळेत बारा बर्नर होते. त्यांतले सात चालत.

०

"मुलीला भाऊ?"
"नाही."
"वडील काय करतात?"
"रिटायर्ड. रेल्वेत होते."
हिम्मतरावांनी वहीत एक खूण केली आणि म्हणाले, "बसा. चपला बाहेर."

०

तारनाक्याच्या त्या कॉलेजात शिकवणाऱ्या कविताला आजवर आठ जण पाहून गेले होते. तिसऱ्यानंतर तिने वेगळी साडी नेसणं सोडलं, पाचव्यानंतर नावं लक्षात ठेवणं.

०

भौमानंद महाराजांच्या पत्रकावर तीन लिप्यांत एकच वाक्य होतं: मंगळ मेलेला नाही.

०

या सगळ्याची गाठ पडली १९९७च्या जुलैमधल्या एका मंगळवारी, हिमायतनगरच्या मंगल कार्यालयात. चारशे माणसं सतरंज्यांवर मांडीला मांडी लावून बसली होती. समोरच्या भिंतीवर पांढरी चादर ताणलेली, आणि कंपन्यांच्या मीटिंगांत असतो तसा काचेवरचं चित्र भिंतीवर मोठं करून दाखवणारा प्रोजेक्टर. त्याच्या काचेवर एक बशी, बशीत तीर्थ. शेजारी भौमानंद महाराज. भगवी कफनी, मनगटावर नवंकोरं क्वार्ट्झ घड्याळ.

कविता तिसऱ्या रांगेत होती. एका बाजूला आई आणि वडील, म्हणजे अण्णा, दुसऱ्या बाजूला गिरीश आणि त्याच्या आई रंजनाताई. पुण्याहून कुकटपल्लीला येऊन त्यांना चार वर्षं झाली होती. गिरीश कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. हा नववा. त्याचा होकार आला होता, पण कविताला मंगळ होता. पत्रिकेत, चौथ्या घरात.

"आम्ही तसं काही मानत नाही हो," रंजनाताई आईच्या कानाशी म्हणाल्या. "पण एकुलता एक आहे ना. खड्यांनी हो म्हटलं की मी मोकळी."

महाराजांनी माइक हातात घेतला.

"अमेरिकेने गाडी पाठवली. कायकू? दगड बघायला. मागच्या वर्षी तेच बोलले, मंगळावरनं पडलेला दगड मिळाला, त्यात जिवाच्या खुणा दिसतात. मी म्हटलं, साहेब, खुणा नक्को. माझ्या झोळीत अख्खा जीव आहे, चालता-फिरता. हौ की नक्को?"

"हौ," चारशे माणसं म्हणाली.

त्यांनी दोन तांबूस खडे उचलून दाखवले. शर्टाच्या बटणाएवढे, वरून फुगीर, खालून सपाट. सपाट बाजूवर गोल गोल फिरत गेलेली रेघ. "ही मंगळाची कक्षा. कोणी कोरली? मी? मला तर सही करता येत नाही."

माणसं हसली. आधीच्या जोडप्याचे खडे बशीच्या दोन कडांना ठेवले. चादरीवर ते म्हशींएवढे दिसत होते. थोडा वेळ काही झालं नाही. मग खड्यांखालून बुडबुडे निघाले आणि दोन्ही खडे हलले. थांबत, सरकत, बशीच्या मध्याकडे निघाले आणि एकमेकांना टेकले.

"चूडंडी अम्मा, बघा, श्वास घेतोय तो," महाराज हळूच म्हणाले. मागे कुणीतरी रडायला लागलं.

मग कविता आणि गिरीशचं नाव पुकारलं. दारात वही घेऊन बसणाऱ्या हिम्मतरावांनी गिरीशच्या खड्याला कोरडं कुंकू लावलं. कविताच्या खड्याला एका वेगळ्या वाटीतला शेंदूर, तेलात खललेला, खालूनवरून चोपडला. खडे बशीत पडले. गिरीशचा खडा मध्यावर जाऊन थांबला. कविताचा कडेलाच राहिला. पाच मिनिटं. चादरीवर एक मोठा गोळा आणि त्याची वाट बघणारा दुसरा.

कविताला काहीच वाटलं नाही. तिला फक्त दिसलं की ही बशी नाही, प्रयोगशाळेतली खोलगट वॉच ग्लास आहे. आणि उदबत्तीच्या खालून आंबट वास येतोय.

"बेटीचा मंगळ रुसलाय," महाराज म्हणाले. "एक वर्ष आश्रमात सेवा. पुढच्या मंगळवारी सामान घेऊन यायचं. वर्षाने खडा चालेल, मग लग्न." त्यांनी तो खडा तांब्याच्या डबीत घालून तिच्या हातात दिला. आश्रमात अशा अकरा मुली आधीपासून होत्या. दोन वेळचा पन्नास माणसांचा स्वयंपाक त्याच करत.

बुधवारी कविताने एक वर्षाच्या बिनपगारी रजेचा अर्ज लिहून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला. अक्षर नेहमीसारखंच सरळ आलं.

०

रविवारी दुपारी अण्णा तिच्यासमोर येऊन बसले. हातात जुनी कात्रणं होती.

"तू नऊ वर्षांची होतीस. मी तुला वाचून दाखवलं होतं. आठवतं?"

"नाही."

"व्हायकिंग यान. मंगळावर उतरलं, चिमूटभर माती घेतली, ओली केली. वायू निघाला. सगळ्यांना वाटलं, सापडला जीव."

"मग?"

"मग त्यांनी दुसरी चिमूट आधी कडक तापवली. आत काही जिवंत असेल तर मरेल, इतकी. आणि मग ओली केली."

"मग?"

"वायू निघालाच. म्हणजे तो जिवाचा नव्हता, मातीच तशी होती. दुसऱ्या एका प्रयोगावरून अजून भांडतायत ते. पण भांडतात ते असं. चालतं का, एवढंच बघत नाहीत. मेल्यावरही चालतं का, ते बघतात."

कविताने डबी उघडली. मग उठली. खडा धुण्याच्या सोड्याने घासून तेल काढलं आणि कुकरच्या वरच्या भांड्यात पाण्यात टाकला. खालच्या भांड्यात तूरडाळ होती.

"माझ्या कुकरमध्ये ग्रह शिजवायचे नाहीत," आई दारातून म्हणाली.

"गोगलगाय आहे, आई. समुद्रातली. तिच्या शंखाच्या तोंडाला झाकण असतं चुनखडीचं, ते हे."

"मग तर मुळीच नाही."

पण गॅस तिने बंद केला नाही. पाच शिट्ट्या झाल्या. कधीकाळी कॉलेजातून आणलेल्या वॉच ग्लासमध्ये कविताने लोणच्याचं व्हिनेगर ओतलं आणि शिजलेला खडा कडेला ठेवला. बुडबुडे आले. खडा सरकत सरकत मध्यावर गेला.

आईने वाकून बशीत पाहिलं. मग म्हणाली, "हे इथे दाखवून उपयोग नाही. चारशे माणसांपुढे त्याने तुला नासकी ठरवलं. तेवढ्यांपुढेच खोटा पडला पाहिजे."

"मला फक्त आश्रमात जायचं नाही," कविता म्हणाली.

"त्यासाठीच तर कार्यालयात जायचंय."

०

मंगळवारी कार्यालयात आई-अण्णा होते, निरोप द्यायला रंजनाताई आणि गिरीशही आले होते. तिच्याबरोबर सामान नव्हतं, पर्स होती. एक जोडपं उठून गेलं, प्रोजेक्टर चालूच होता. ती पुढे गेली आणि कुणाला न विचारता खडा बशीत ठेवला.

"अगं, वर्ष..." हिम्मतराव म्हणाले.

खडा चालला. चादरीवरचा गोळा डुलत मध्यावर आला. महाराजांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि माइक तोंडाशी नेला.

"पाहा. भाव खरा असला की आठ दिवसांत. मंगळ जागा झाला."

टाळ्या पडल्या. त्या थांबेपर्यंत कविता उभी राहिली.

"मी हा कुकरमध्ये शिजवलाय," ती म्हणाली. आवाज वर्गात हजेरी घेताना असतो तसा. "पाच शिट्ट्या. डाळ पार विरघळली. हा जिवंत असता तर मेला असता."

मागे कुणीतरी हसलं. तिने पर्समधून अंड्याच्या टरफलाचा तुकडा काढून बशीत टाकला. पहिल्या रांगेतल्या बायका मागे सरकल्या. टरफलातून बुडबुडे निघाले. ते डोललं, गोल फिरलं.

"हा कोणता ग्रह?" अण्णांनी बसल्या जागेवरून विचारलं.

"यह सब नक्को, बेटी," महाराज माइक बाजूला धरून म्हणाले. "देवाची परीक्षा घ्यायची नसते."

"देवाची नाही, बशीची घेतेय. तीर्थ म्हणजे सिरका. व्हिनेगर. चुनखडी त्यात पडली की वायू सुटतो, तो खाली अडकतो आणि खडा उचलतो. बशी मध्ये खोलगट आहे, म्हणून सगळेच मध्यावर येतात. मागच्या मंगळवारी माझा आला नाही, कारण तो तेलाने माखला होता." तिने खडा काढून पुसला, हिम्मतरावांच्या वाटीत बुडवला आणि परत बशीत ठेवला. गोळा कडेलाच राहिला. "दारात भाऊ आणि वडील विचारतात ते यासाठी. ज्या मुलीला भाऊ नाही आणि वडील थकलेत, तिलाच ही वाटी."

हिम्मतरावांनी वाटी पदराखाली घ्यावी तशी उपरण्याखाली घेतली. वीज गेली म्हणावी तर पंखे चालू होते. प्रोजेक्टर तेवढा कुणीतरी बंद केला.

कुणी कुणाला मारलं नाही. काही माणसं उठली, काही बसून राहिली, एकाने विचारलं की आपला नंबर आज लागणार का. आश्रमातल्या अकरांपैकी दोघी त्या दुपारी घरी गेल्या. पुढच्या आठवड्यात आणखी पाच.

बाहेर चपला शोधताना रंजनाताई म्हणाल्या, "खडा खोटा निघाला, बरं झालं. पण मंगळ तर आहेच ना."

"आईचं मनावर घेऊ नका," गिरीश म्हणाला. "मी तयार आहे."

"मागच्या मंगळवारीच का नाही बोललात?"

तसा तो सरळ माणूस होता. "एक वर्षाचाच तर प्रश्न होता," तो म्हणाला.

"हं," कविता म्हणाली आणि तारनाक्याची बस पकडली. दुसऱ्या दिवशी तिने प्राचार्यांच्या टेबलावरून अर्ज परत घेतला. पाचव्या बर्नरची नळी तुंबली होती, ती तारेने साफ केली.

मंगळावर जीव आहे की नाही, हे ती गाडी पाठवणाऱ्यांनाही ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही असं ते सांगतात. म्हणून ते पुन्हा गाडी पाठवतील. ज्याला आधीच सगळं ठाऊक असतं, त्याच्यापुढे बसताना चपलांबरोबर डोकं बाहेर ठेवू नये. चमत्कार चालताना दिसला तर टाळी राखून ठेवावी, तो घरी आणावा, शिजवावा, आणि मग चालतो का ते पाहावं.

कविताचा जन्म सकाळचा, एवढंच तिच्या आईला आठवत होतं. पत्रिकेवरची सात वाजून बारा मिनिटं ही वेळ, जिच्यावरून मंगळ चौथ्या घरात पडला, ज्योतिषाने स्वतःच्या मनाने भरली होती.